आईची पोट्टी

नागपूरच्या आमच्या वस्तीत पोट्टी हा शब्द कुणी कुणाला विचारून वापरत नसे. नळावर भांडणारी पोट्टी, पाळण्यातली पोट्टी, आणि लग्न होऊन दोन लेकरं घेऊन माहेरी आलेली बाईसुद्धा अमक्याची पोट्टीच. माझा मामा चाळिशीला आला होता, तरी आजी त्याला "माहं पोट्टं" म्हणायची आणि तो अंगणात बसून मुकाट ऐकून घ्यायचा. रागात पोट्टी, लाडातही पोट्टी. ताप आला की कपाळावर हात ठेवून आई म्हणायची, "माह्या पोट्टीचं आंग कसं तापलं वो." पहिला नंबर आला तर "शायनी आहे बाप्पा पोट्टी." आरशासमोर जरा जास्त वेळ उभी राहिले तर "पोट्टीचे लक्षण काही ठीक दिसून नाही राहिले." आवाजावरून आम्हाला कळायचं, पाठीत धपाटा येणार आहे की हातावर गुळाचा खडा. पुण्यामुंबईकडच्या लोकांसमोर हा शब्द काढला की अजूनही त्यांच्या भुवया वर जातात. जाऊ द्या. त्यांना त्यांचे शब्द, आम्हाला आमचे.

मी सात वर्षांची असताना बाबांची लखनौला बदली झाली. ते केंद्र सरकारच्या एका कचेरीत कारकून होते. झाशीला गाडी बदलून आम्ही चारबाग स्टेशनला उतरलो, तिथून रिक्षाने वीस मिनिटांवर आमचं क्वार्टर. दोन खोल्या, मागे अंगण, अंगणात पेरूचं झाड. सगळ्या कॉलनीत मराठी घर आमचं एकच. शहरात इतर मराठी लोक होते, रेल्वेत मोठ्या हुद्द्यावर होते, पण त्यांच्या आणि आमच्या घरांमध्ये नुसतं शहरभराचं अंतर नव्हतं. ते काय होतं ते बाबांना माहीत होतं, म्हणून त्यांनी ओळख काढायची खटपटही केली नाही.

आईला हिंदी येत नव्हती असं नाही. नागपूरच्या बाईला हिंदी येतेच. पण ती नागपूरची हिंदी. तिथे भाजीवाल्याला तू म्हटलं की तो दोन मिरच्या वर टाकतो. लखनौला पहिल्याच आठवड्यात आई सब्जीवाल्याला म्हणाली, "भैया, तू बैंगन कैसा दिया?" तो माणूस हातातला तराजू खाली ठेवून शांतपणे म्हणाला, "बहनजी, हमारे बच्चे भी हमें आप कहते हैं." आई घरी आली ती लाल होऊन. "मी काय शिवी देली का त्याले?" असं संध्याकाळपर्यंत मला चारदा विचारलं. असं आणखी दोन-तीनदा झालं. मग ती बाजारात कमी बोलायला लागली, नंतर पिशवी बाबांच्या हातात द्यायला लागली, आणि वर्षभरात तिचं बाहेरचं बोलणंच बंद पडलं. बाबा साडेसहाला यायचे, चहा प्यायचे आणि वर्तमानपत्रात शिरायचे. म्हणजे आईला दिवसभर बोलायला कोण? मी. तिचं सगळं नागपूर म्हणजे मी एकटी. हे मला आज कळतंय, तेव्हा कळत नव्हतं.

तेव्हा मी दुसऱ्याच गोष्टीच्या प्रेमात पडले होते. शेजारी माझ्या वर्गातली एक मुलगी राहायची. तिच्या आईला मी चाची म्हणायचे. त्या घरात तीन वर्षांच्या पोरालासुद्धा आप म्हणत. पोरानं दूध सांडलं तर चाची म्हणायच्या, "बेटा, ये आपने क्या कर दिया?" धपाटा नाही, आरडाओरडा नाही. पाणी मागितलं तर तबकात पेला यायचा. पाणी देणाऱ्या आईला माझी मैत्रीण शुक्रिया म्हणायची. आईला शुक्रिया! मला वाटायचं, माणसांनी राहावं तर असं. मी घरी येऊन आरशासमोर तसं बोलायचा सराव करायचे. दोन वर्षांत माझी उर्दूमिश्रित हिंदी अशी काही सुधारली की बाई वर्गात मला उभं करून वाचायला लावायच्या. मराठी मात्र घरापुरती राहिली, आणि घरातही आई मराठीत विचारी आणि मी हिंदीत उत्तर देई.

मी तेरा वर्षांची असताना एका दुपारी ती मैत्रीण आणि चाची आमच्या अंगणात बसल्या होत्या. मी आदबीनं त्यांच्यासमोर बसलेली. आत आईनं पाहिलं की मी दोरीवरचे कपडे काढलेच नाहीत आणि आभाळ भरून आलंय. तिनं आतूनच हाळी दिली, "अवं ए पोट्टे! कपडे कोण तुहा बाप काढंल का?" आणि बाहेर येऊन माझ्या पाठीत एक धपाटा घालून, हसत हसत चाचींकडे पाहिलं. तिच्या मते हे सगळं छानच चाललं होतं. घरी पाहुणे आलेत, पोट्टी आहे, आपण आहोत. चाची हसल्या नाहीत. त्यांनी मला जवळ घेतलं आणि हळूच विचारलं, "बिटिया, आपकी अम्मी आपसे नाराज़ रहती हैं क्या?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. लखनौत पोरींना हलकं बोलायचे शब्द होते. रिक्षा स्टँडवरचे लोक ते वापरत आणि चांगल्या घरात ते उच्चारायची सोय नव्हती. मला वाटलं, आईचा शब्दही त्याच जातीचा आहे. आपली आई आपल्याला सगळ्यांदेखत तसल्या शब्दानं हाक मारते. अक्कल तेवढीच होती, दुसरं काय.

संध्याकाळी आई पोळ्या लाटत होती. मी दारात उभी राहून सांगितलं, "लोकांसमोर मला तसं म्हणत जाऊ नकोस."

"कसं?"

"पोट्टी. आणि मारायचं नाही. इथे कुणी असं बोलत नाही."

तिनं लाटणं थांबवलं. "मंग काय म्हणू?"

"बेटा म्हण. सगळे म्हणतात."

मला वाटलं, ती हसेल, लाटणं उगारेल, "भल्ली आली मोठी बेटा," असं काहीतरी म्हणेल. मी भांडायच्या तयारीनंच गेले होते. पण आधीच्या महिन्यात आजी गेल्याची तार आली होती. झाशीची गाडी वेळेवर मिळाली नाही आणि आई पोचली तेव्हा सगळं उरकलं होतं. आजी तिला चिठ्ठीत लिहून पाठवायची, माह्या पोट्टीले आशीर्वाद. आता आईला कुणी पोट्टी म्हणणारं उरलं नव्हतं, आणि मी सांगत होते की तिनंही कुणाला म्हणू नये. हे दोन्ही महिन्याभराच्या आत. मी एवढी शहाणी, पण हा हिशेब मला पंचविशीत सुचला.

ती म्हणाली, "बरं." आणि पोळी तव्यावर टाकली.

त्या दिवसापासून आईनं मला बेटा म्हणायला सुरुवात केली. मी म्हटलं होतं लोकांसमोर म्हणू नको. तिनं घरातही सोडलं, अंधारात, आजारपणात, बाबांशी बोलतानासुद्धा सोडलं. "बेटा, जेवून घे." "बेटा, अभ्यास झाला का?" तिच्या तोंडी तो शब्द उसन्या चपलेसारखा वाजायचा. आणि शब्दाबरोबर बाकीचंही गेलं. धपाटा गेला, चेष्टा गेली. रविवारी मांडीत डोकं दाबून तेल थापायची आणि मी ओरडले की "गप वो!" म्हणून आणखी जोरात चोळायची, तेही गेलं. "बेटा, तेल लावून देऊ का?" असं ती विचारायला लागली. विचारल्यावर काय, मी म्हणाले, "नको, मी लावते." मीही तिला चाचींच्या घरच्यासारखं वागवायला लागले. तबकात पाणी, शुक्रिया, ती आली की उठून उभं राहणं. मराठीत बोलायची वेळ आली तर तुम्ही. आमच्याकडे आईला कुणी तुम्ही म्हणत नाही. पण मी लखनौची झाले होते ना!

दोघी एकमेकींशी फार चांगलं वागायला लागलो. घरात एवढी शांतता झाली की बाबा एकदा म्हणाले, "पोरगी मोठी झाली हं आता." त्यांना बरं वाटलं.

मला बरं वाटायचं बंद झालं होतं. सोळा-सतरा वर्षांची असताना मला पहिल्यांदा धड कळलं की मी एकटी पडलेय. चाचींच्या नवऱ्याची बदली झाली, मैत्रीण गेली. कॉलेजात मुली बोलायच्या, पण घरी कुणाकडे बोलावणं नाही. आडनाव विचारून झालं की पुढचं बोलणं आपोआप सभ्य व्हायचं. सभ्यपणाचा कंटाळा येऊ शकतो हे मला तेव्हा समजलं. मला कुणीतरी ओरडायला हवं होतं. खरं सांगते, मला माझी आई परत हवी होती, आणि ती तर स्वयंपाकघरात सहा पावलांवर बसून मेथी निवडत होती.

सरळ जाऊन सांगावं तर मान खाली घालावी लागणार. म्हणून मी खोड्या सुरू केल्या. ओले कपडे गादीवर टाकले. तिनं ते उचलून दोरीवर घातले. एकदा मुद्दाम वरणात मूठभर मीठ जास्त घातलं. बाबा थू थू करत उठले. आई म्हणाली, "बेटा, जरा चाखून पाहत जा." कॉलेजातून दोन तास उशिरा आले, तीही चिखलात माखून. पूर्वी हे केलं असतं तर अख्ख्या कॉलनीला कळलं असतं. आई दारात उभी होती, चेहरा पांढरा पडलेला. तिचा हात वर उठला. मी मनातल्या मनात म्हटलं, मार ना, मार एकदा. तिनं तो हात तसाच नेऊन स्वतःचा पदर नीट केला आणि म्हणाली, "पाणी तापवलं आहे, बेटा." मी न्हाणीघरात बसून रडले. ती बाहेर उभी होती, तिची सावली दाराखाली दिसत होती. दार वाजवावं की नाही हे तिला ठरवता येत नसावं. मग सावली गेली.

बीए झाल्यावर नागपूरहून स्थळ आलं. मुलगा तिथे सरकारी नोकरीत. तो आणि त्याचे आईवडील मुलगी पाहायला लखनौला येणार. एरवी पाहण्याचा कार्यक्रम तासाभराचा असतो. पोहे खाल्ले, चार प्रश्न विचारले, उठले. पण एवढ्या लांबून आलेली माणसं, परतीचं तिकीट दोन दिवसांनी. त्यामुळे ती आमच्याच दोन खोल्यांत राहिली आणि त्यांनी आमचं सगळं घर पाहिलं.

मुलाच्या आईचा स्वभाव मोकळा. आल्या आल्या आमच्या स्वयंपाकघरात बसून मिरच्यांची देठं काढायला लागल्या. आईचा चेहरा इतक्या वर्षांनी फुललेला मी पाहिला. दोघींची वऱ्हाडी सुरू झाली, "काऊन वो ताई", "नाही ना बाप्पा", आणि आई हसली, तोंडाला पदर न लावता. मी चहा घेऊन गेले तशी आई एकदम सावरून बसली. "ठेव बेटा," म्हणाली. मी म्हणाले, "आई, तुम्ही राहू द्या, कप मी नेते." त्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे.

दोन दिवस त्या पाहतच राहिल्या. मला विचारलं, "डोक्याले तेल कोण लावून देते?" मी म्हटलं, मीच लावते. "आई रागावते का कधी?" मी अभिमानानं सांगितलं, कधीच नाही. आईनं मला भरवलेला घास, आईशी माझं एखादं भांडण, आईच्या खांद्यावर टेकून बसणं, यातलं काहीच त्यांना दिसलं नाही. दिसणार कुठून? आई माझ्या खोलीत येताना दारात खाकरायची. निघताना त्यांनी माझं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आम्हाला वाटलं, मुलगी फारच आवडलेली दिसते.

आवडलीच होती. पंधरा दिवसांनी पत्र आलं. बाबांनी ते कचेरीतला कागद वाचावा तसं मोठ्यानं वाचायला घेतलं. मुलगी पसंत आहे. देण्याघेण्याचं काही नाही. लग्न तुमच्याकडे करा, आम्ही मोजकी माणसं येऊ. मग बाबा अडखळले. पुन्हा मागे जाऊन त्यांनी तीच ओळ वाचली. "आईविना पोर असूनही तुमच्या दुसऱ्या मंडळींनी तिला इतकं चांगलं वळण लावलं, आणि तिच्याशी कधी वेडंवाकडं वागल्या नाहीत, याचं आम्हाला फार कौतुक वाटलं."

बाबांना आधी अर्थच लागेना. "दुसरी मंडळी म्हणजे? माझं कधी दुसरं लग्न झालं?" मग ते भडकले, पेन शोधायला लागले. "आत्ताच्या आत्ता लिहितो."

आई खाली बसून तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. "लिहू नका," ती म्हणाली. "आता लिहाल तर त्याईले वाटंल, आपण काहीतरी लपवून राहिलो. माणसं चांगली आहेत. लग्न होऊन जाऊ द्या. तारीख कोणती लिहिली?"

मी तिथेच उभी होते. मी तिच्या अंगावर जाऊन पडायला हवं होतं. मी म्हणाले, "मी सांगेन त्यांना," आणि आत गेले.

सांगितलं मी. लग्नाच्या आदल्या दिवशी वऱ्हाड चारबागला उतरलं, कॉलनीच्या हॉलमध्ये त्यांची सोय केली होती. दुपारी मी सासूबाईंना एका बाजूला घेतलं आणि म्हटलं, "तुमचा गैरसमज झालाय. त्या माझ्या सख्ख्या आई आहेत."

त्यांनी मला पोटाशी धरलं आणि जवळ बसलेल्या जावेला म्हणाल्या, "पाहलं का? अशी पोर नशिबानं भेटते. सावत्र आईलेबी सख्खी म्हणते."

मी जितकं सांगत गेले तितकी मी गुणाची ठरत गेले. बाबा दोनदा बोलायला गेले, तर लोकांना वाटलं, हे बायकोची बाजू सावरताहेत.

दुसऱ्या दिवशी पांढऱ्या साडीत माझं लग्न लागलं. आमच्यात फार वेळ लागत नाही. बुद्धवंदना झाली, हार घातले, जेवणं झाली, आणि दुपारच्या गाडीनं निघायचं म्हणून सगळे स्टेशनवर आलो. पाठवणी फलाटावरच झाली. मला खिडकीजवळची जागा दिली. बाहेर बाबा हमालाशी बोलत होते. आई खिडकीचे गज धरून उभी होती. मला सांगायचं होतं की मी तेरा वर्षांची होते, मूर्ख होते, तू ऐकायला नको होतंस. डब्यात वीस माणसं होती.

सासूबाई माझ्या अंगावरून खिडकीकडे वाकल्या. "ताई, तुम्ही बिलकुल काळजी करू नका," त्या आईला म्हणाल्या. "सख्ख्या आईची उणीव मी पोरीले भासू देणार नाही."

आता तरी आई बोलेल, असं मला वाटलं. आता तिला राग येईल, सगळ्या फलाटाला ऐकू जाईल अशा आवाजात ती सांगेल की नऊ महिने कुणी पोटात वागवलं. मी गजांमधून तिच्या तोंडाकडे बघत होते.

आईनं पदरानं तोंड पुसलं.

"हाव बाई," ती म्हणाली. "मीबी लय करून पाहलं. मले नाही जमलं."

गाडी हलली. आईनं गज सोडले आणि दोन पावलं बरोबर चालली. मला हात बाहेर काढून तिचा हात धरायचा होता. मी हात जोडले.